पट्टा आधी पाहुण्यांना

1955 च्या नोव्हेंबर महिन्यात टोकियोत व्यावसायिक कुस्तीची एक मोठी स्पर्धा भरली. त्यातून आशिया खंडाचे पहिले 'जोडीचे विजेते' निघाले. हा किताब आजही जपानमध्ये लढवला जातो. तिथे चालू असलेल्या व्यावसायिक कुस्तीच्या किताबांत त्याच्याएवढा जुना दुसरा नाही. इतिहास लिहिणाऱ्याला मोह होतो तो त्या पहिल्या जोडीपाशी थांबायचा, कारण ते दोघेही जपानी नव्हते आणि त्यातला एक तर आशियाईसुद्धा नव्हता.

त्यातला एक होता किंग काँग. खरं नाव एमिल चाया. जन्म 1909 चा, ब्राशोव्हचा. हे गाव तेव्हा हंगेरीत होतं, आता रुमानियात आहे. मुक्काम सिंगापूरला आणि पोट भरायचं ते लाहोरपासून मनिलापर्यंत कुस्त्या करून. दुसरा टायगर जोगिंदर, म्हणजे पंजाबचा जोगिंदर सिंग. या दोघांनी अंतिम लढतीत हरवलं ते रिकिदोझान आणि हॅरॉल्ड साकाता यांना. रिकिदोझान हा तेव्हा जपानमधला सगळ्यात लोकप्रिय माणूस म्हणावा असा खेळाडू, स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचा कर्ताधर्ताही तोच. म्हणजे स्वतःच किताब काढला, स्वतःच त्यासाठी लढला आणि स्वतःच्याच मैदानात हरला.

ही मेहेरबानी नव्हती, हा धंदा होता. निकाल आधी ठरलेला असतो हे व्यावसायिक कुस्तीचं उघड गुपित आहे आणि ते मान्य केल्याशिवाय तिचा इतिहास समजत नाही. कोल्हापूरच्या मैदानात निकाली कुस्ती झाली की पैलवानाचं नाव झालं. इथे नाव आधी तयार करावं लागतं, मग पट्टा. काल काढलेल्या पट्ट्याला आज किंमत कशी यायची? ती येते तो ज्याच्याकडून हिसकावून घ्यायचा त्याच्यामुळे. म्हणून पट्टा आधी पाहुण्यांच्या कमरेला बांधायचा आणि गावच्या वीराने तो परत आणायचा. रिकिदोझानला हे गणित पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत तो तेच शिकून आला होता.

अमेरिकेत 1948 च्या जुलैत आयोवा राज्यातल्या वॉटर्लू या गावी काही कुस्ती-ठेकेदार एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाचा संघ बांधला. प्रत्येकाने आपापला इलाखा सांभाळायचा, दुसऱ्याच्या इलाख्यात शिरायचं नाही आणि जगज्जेता मात्र सगळ्यांनी मिळून एकच मानायचा. तो जगज्जेता वर्षभर इलाख्या-इलाख्यातून फिरायचा. एकट्याच्या लढतीपुरतं हे ठीक चाललं. जोडीच्या किताबाला मात्र असा एक मालक कधी मिळालाच नाही. ज्याला हवं त्याने आपल्या इलाख्यात 'जागतिक जोडी विजेतेपद' काढलं. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एकाच वेळी डझनभर जोड्या स्वतःला जगज्जेत्या म्हणवत होत्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. दीडशे मैलांवरच्या गावात दुसरे कुणी जगज्जेते आहेत हे प्रेक्षकाला कळणार कसं? दूरचित्रवाणी स्थानिक, वर्तमानपत्र स्थानिक.

जोडीची कुस्ती या ठेकेदारांना इतकी का आवडली, हे नियमांतच दिसतं. प्रत्येक बाजूचा एकच मल्ल आखाड्यात. त्याचा जोडीदार दोरांच्या बाहेर, कोपऱ्यात उभा. आतल्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावला की अदलाबदल. बदल झाल्यावर जुन्याने लगेच बाहेर पडायचं, त्यासाठी पंचाचे पाच आकडे. एवढ्या साध्या नियमांतून एक हमखास गोष्ट तयार होते. दोन दुष्ट मल्ल एका भल्या मल्लाला आपल्या कोपऱ्यात कोंडतात आणि आळीपाळीने बडवतात. पंचाची पाठ वळली की दोघे मिळून बडवतात. तो बिचारा सरपटत आपल्या कोपऱ्याकडे निघतो, हात लांबवतो, बोटाबोटाचं अंतर उरतं आणि पाय धरून त्याला मागे ओढलं जातं. हे दोनदा होतं, तिसऱ्यांदा हाताला हात लागतो. कोपऱ्यातला ताजातवाना जोडीदार आत झेपावतो आणि सभागृह उभं राहतं. ही गोष्ट हजारो वेळा सांगितली गेली आहे आणि अजून चालते.

तिकिटांच्या हिशेबातही जोडी सोयीची. एकट्याच्या लढतीत कुणीतरी हरतोच आणि हरलेल्याची किंमत उतरते. जोडीत खांदे टेकतात ते चौघांपैकी एकाचे. मोठं नाव हरूनही न हरता घरी जातं. शिवाय म्हाताऱ्या झालेल्या मल्लाला दम खायला कोपरा मिळतो आणि नवख्याला जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकता येतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इलाख्यात अशा 'जागतिक' पट्ट्यावर शार्प बंधूंचं राज्य होतं. बेन शार्प आणि माइक शार्प, कॅनडातल्या हॅमिल्टनचे, सहा फुटांच्या बरेच वर गेलेले सख्खे भाऊ. तो किताब त्यांनी 18 वेळा जिंकला. म्हणजे जवळपास तितक्याच वेळा तो गमावलाही, हे ओघाने आलंच. रिकिदोझानने 1954 च्या फेब्रुवारीत या दोघांना जपानला बोलावलं.

रिकिदोझान आधी सुमो पैलवान होता. सेकिवाके या वरच्या पायरीपर्यंत चढून त्याने 1950 साली सुमो सोडलं, हवाई बेटांवर आणि अमेरिकेत जाऊन नवी कुस्ती शिकली, 1953 साली जपानची पहिली मोठी व्यावसायिक कुस्ती संस्था उभी केली. जपानी दूरचित्रवाणीही त्याच वर्षी सुरू झाली होती. घरात संच घेणं सामान्याच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून निप्पॉन टेलिव्हिजन या खासगी वाहिनीने चौकाचौकांत आणि स्थानकांबाहेर संच उभे केले. 19 फेब्रुवारीला टोकियोच्या कुरामाए सभागृहातून तीन दिवसांची लढत-मालिका सुरू झाली तेव्हा त्या संचांपुढे हजारोंची गर्दी लोटली. शिंबाशी स्थानकाबाहेरच्या गर्दीची छायाचित्रं आजही छापली जातात.

रिकिदोझानचा जोडीदार होता मासाहिको किमुरा. हा जपानच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ ज्युदो खेळाडूंपैकी एक. तीन वर्षांपूर्वी ब्राझीलला जाऊन त्याने तिथल्या एलिओ ग्रेसी या नामांकित जुजुत्सूपटूला हरवलं होतं. आखाड्यात त्याच्या वाट्याला आली ती मार खायची भूमिका. शार्प बंधू त्याला कोंडून बडवत. रिकिदोझान कोपऱ्यातून आत येई आणि हाताच्या कडेचे सपासप फटके मारून त्या गोऱ्या राक्षसांना आडवं करी. युद्ध हरून दहा वर्षंही झाली नव्हती, अमेरिकी फौजांचा ताबा सुटून दोनच वर्षं. चौकातल्या माणसाला त्या फटक्यांत काय दिसलं असेल हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. ते गोरे अमेरिकन नसून कॅनडाचे होते, ही बाब कुणी विचारात घेतली नाही. आणि ज्याला लोक जपानचा कैवारी समजत होते तो रिकिदोझान जन्माने कोरियन, मूळचा किम सिन-राक, आजच्या उत्तर कोरियातल्या गावचा. ही गोष्ट तर त्याच्या हयातीत जपानी वाचकांपासून दडवूनच ठेवली गेली. किमुराला ही कायमची दुय्यम भूमिका सहन झाली नाही. वर्षअखेरीस दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. ठरल्याप्रमाणे चाललेली लढत मध्येच बिघडली आणि रिकिदोझानने त्याला खरोखरीचा बेदम मारला. ज्या जोडीने जपानला ही कुस्ती दिली ती जोडी वर्षभरही टिकली नाही.

पुढे 1956 च्या मे महिन्यात रिकिदोझानने कोकिचि एंडो या जोडीदारासह ओसाकात शार्प बंधूंकडून तो सॅन फ्रान्सिस्कोचा पट्टा जिंकलाही. त्याच महिन्यात सप्पोरोत शार्प बंधूंनी तो परत घेतला आणि कॅलिफोर्नियाला गेले. उसना पट्टा उसनाच राहतो. मालक दुसऱ्याच देशात असेल तर किताबाची गोष्ट कशी वळवायची हे तोच ठरवणार. त्याआधीच आशियाचा पट्टा काढण्यामागचं हेच खरं कारण असावं असं मला वाटतं. रिकिदोझानला स्वतःच्या मालकीचा किताब हवा होता आणि 'जपानचा' म्हटलं तर तो लहान दिसला असता.

1955 च्या त्या स्पर्धेसाठी म्हणून त्याने आग्नेय आशियाच्या फेरीवरून मंडळी आणली. किंग काँग, जोगिंदर आणि त्यांच्याबरोबर दारासिंगही. होय, आपला दारासिंग. 1947 मध्ये सिंगापूरला जाऊन त्याने तिथे नाव कमावलं होतं. हिंदी चित्रपटांचा नायक तो अजून व्हायचा होता. सिंगापूर, मलाया, रंगून, कलकत्ता, मुंबई असं या मल्लांचं एक फिरतं जग होतं. मुंबईकरांना किंग काँग हे नाव पन्नाशी-साठीच्या दशकांत तोंडपाठ होतं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर 'फ्रीस्टाइल' कुस्त्या लागल्या की दारासिंगसमोर उभा करायला त्याच्याइतका भरभक्कम खलनायक सापडत नसे. त्या पिढीतल्या अनेकांना त्या कुस्त्या खऱ्याच वाटत. ज्यांना वाटत नसत तेही तिकीट काढून जात.

हा किंग काँग टोकियोला त्याच कामासाठी आला होता. आधी जोडीच्या लढतीत त्याने आणि जोगिंदरने रिकिदोझान व साकाता यांना हरवून आशियाचा जोडीचा पट्टा घेतला. हरलेल्या बाजूचा साकाता हाही मोठा गमतीचा माणूस. हवाईत जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकन, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी भारोत्तोलनात रौप्यपदक जिंकलेला. पुढे 1964 च्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बाँडपटात धारदार टोपी फेकून माणसं मारणारा नोकर झाला तो हाच. जोडीची लढत झाल्यावर काही दिवसांनी रिकिदोझान आणि किंग काँग एकटे समोरासमोर आले आणि रिकिदोझानने आशियाचा वजनदार गटाचा किताब जिंकला. जोडीत हार, एकट्याने जीत. पहिल्या निकालाने दुसऱ्याचं तिकीट विकलं. आशियाच्या या किताबासाठी एक हंगेरियन, एक पंजाबी, एक कोरियन आणि एक हवाईकर झगडले आणि अस्सल जपानी फक्त समोर बसलेला प्रेक्षक होता, हा योगायोग मला त्या साऱ्या धंद्याचं अचूक चित्र वाटतो.

पाहुणे पट्टा घेऊन निघून गेले आणि जोडीचा किताब पाच वर्षं जवळजवळ विस्मरणात गेला. रिकिदोझानला त्याची गरज उरली नव्हती. 1960 साली त्याने तो पुन्हा उकरून काढला. पुन्हा परदेशी मल्लांच्या हाती दिला आणि तोयोनोबोरी या जुन्या सुमो सोबत्याला घेऊन त्यांच्याकडून जिंकला. आता मात्र तो घरात राहिला. रिकिदोझान-तोयोनोबोरी या जोडीने अधूनमधून कुणा परदेशी जोडीला तो उसना देत, परत घेत तीन वर्षं चालवला. 8 डिसेंबर 1963 च्या रात्री टोकियोतल्या अकासाका भागातल्या एका नाइटक्लबमध्ये एका टोळीवाल्याने रिकिदोझानच्या पोटात चाकू खुपसला. आठवड्याने, 15 तारखेला, तो गेला. वय 39.

पुढची दहा वर्षं भरभर सांगायला हरकत नाही. पट्टा संस्थेबरोबर चालत राहिला. तोयोनोबोरी संस्था सोडून गेला. मिचिआकि योशिमुरा या कसबी, दुय्यम दर्जाच्या मल्लाने वेगवेगळ्या जोडीदारांसह तो अनेकदा जिंकला. या जोडीदारांत तरुण अँटोनियो इनोकीही होता. इनोकी आणि जायंट बाबा हे रिकिदोझानचे दोन मोठे शिष्य 1972 साली आपापल्या वेगळ्या संस्था काढून बसले, मूळ संस्था 1973 मध्ये बंद पडली आणि पट्टा अडगळीत गेला. 1976 साली बाबाने तो आपल्या ऑल जपान प्रो रेसलिंगमध्ये पुन्हा आणला.

बाबा हा 209 सेंटिमीटर उंचीचा माणूस, आधी योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचा चेंडूफेक्या. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय जोडीचा आणखी वरचा किताब होताच. स्वतःला तो पुरेसा होता. त्यामुळे आशियाच्या पट्ट्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला आणि त्याने त्याचं उत्तर फार हुशारीने दिलं. हा पट्टा मधल्या फळीला दिला. ग्रेट कोजिका आणि मोतोशि ओकुमा या दणकट, रांगड्या जोडीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो बराच काळ सांभाळला. पुढे 1988 पासून तोशिआकि कावादा आणि सॅमसन फुयुकी या तरुणांनी. त्याच वर्षी बाबाने वरच्या पातळीवरचे दोन जोडीचे किताब एकत्र करून जागतिक जोडी विजेतेपद केलं आणि आशियाचा पट्टा रीतसर दुसऱ्या पायरीचा झाला.

दुसऱ्या पायरीचा म्हणजे कमी प्रतीचा नव्हे. किताबाच्या इतिहासातला सगळ्यात कसदार काळ इथूनच सुरू होतो. केंता कोबाशीचं उदाहरण घ्या. 1988 साली आखाड्यात उतरलेला हा पोरगा सुरुवातीच्या 63 एकेरी लढती ओळीने हरला. 1990 च्या एप्रिलमध्ये त्याने टायगर मास्कच्या जोडीने आशियाचा पट्टा जिंकला. हा त्याचा पहिला किताब. टायगर मास्कचा मुखवटा घालणारा मित्सुहारू मिसावा महिन्याभरात मुखवटा उतरवून वरच्या फळीत गेला. जूनमध्ये त्याने संस्थेचा तेव्हाचा अव्वल मल्ल जम्बो त्सुरुता याला एकट्याने हरवलं आणि संस्थेची पुढची दहा वर्षं ठरून गेली. जोडीचा पट्टा त्यांनी सोडून दिला. म्हणजे हा पट्टा जिंकण्याइतकाच सोडण्यासाठीही होता. तो सोडला की लोकांना कळे, हा गडी आता वर चालला.

25 मे 1992, सेंदाई. पट्टा 'कॅन-ॲम एक्सप्रेस' या जोडीकडे होता. अमेरिकेचा डग फर्नास, पॉवरलिफ्टिंगमधून आलेला, आणि कॅनडाचा डॅन क्रोफॅट, दोघांतला चपळ. आव्हान देणारे कोबाशी आणि त्सुयोशि किकुचि. किकुचि चणीने लहान, वजनाने हलका, आणि सेंदाईचाच. गावच्या पोराला गावात बडवायला आणखी काय कारण हवं? लढतीचा मधला भाग हा जोडीच्या कुस्तीचं पाठ्यपुस्तक आहे. पाहुण्यांनी किकुचिला आपल्या कोपऱ्यात खेचलं. फर्नास त्याला पोत्यासारखा उचलून आपटतो, क्रोफॅट लाथा घालतो, पुन्हा फर्नास. किकुचि सुटायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी एक-दोन पावलांवर पकडला जातो. कॅमेरा कोबाशीवर जातो तेव्हा तो दोराबाहेर नुसता हात पसरून उभा नाही, आत शिरू पाहतोय, पंच त्याला ढकलतोय आणि त्या ढकलाढकलीत पाठीमागे दोघे मिळून किकुचिला धरताहेत. सभागृह आता सभागृह राहत नाही. मोजणी एक, दोन होते, तिसऱ्या हाताच्या आत किकुचि खांदा उचलतो आणि असा आवाज उठतो की समालोचकाचे शब्द ऐकू येत नाहीत. हे वीसेक मिनिटं चालतं. शेवटी कोबाशी आणि किकुचि जिंकले. अमेरिकेतल्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राच्या वाचकांनी ती लढत वर्षातली सर्वोत्तम ठरवली. दुय्यम किताबाच्या लढतीने त्या वर्षी जगभरच्या सगळ्या मुख्य लढतींना मागे टाकलं होतं.

ध्वनिमुद्रण जुनं आहे, चित्र धुरकट आहे, तरी ती लढत बघावी. निकाल ठरलेला होता हे माहीत असूनही तिसरी मोजणी चुकते तेव्हा आपणही खुर्चीत पुढे सरकतो. सेंदाईतल्या प्रेक्षकाला ते माहीत नव्हतं असं मानणं हा त्याचा अपमान ठरेल.

कॅन-ॲम एक्सप्रेसने हा पट्टा एकूण पाचदा घेतला. म्हणजे पाहुणे हरायलाच येतात ही रिकिदोझानच्या काळची रीत बाबाने मोडली होती. त्याचे परदेशी मल्ल वर्षानुवर्षं येत, जिंकत, हरत, लोक त्यांच्या नावाने ओरडत. बाबा 1999 च्या जानेवारीत गेला. पुढच्याच वर्षी मिसावा जवळपास सगळे मल्ल घेऊन बाहेर पडला आणि त्याने नोआ नावाची संस्था काढली. आशियाचा पट्टा रिकामा पडला. शिल्लक राहिलेल्या जपानी मल्लांत एक तोशिआकि कावादा आणि एक मासानोबु फुचि. काही काळाने पट्टा पुन्हा सुरू झाला, पण संस्था पूर्वीची राहिली नव्हती. छोट्या संस्था एकमेकींना मल्ल उसने देऊ लागल्या. 2011 मध्ये हा पट्टा बिग जपान या वेगळ्याच संस्थेच्या दाइसुके सेकिमोतो आणि युजि ओकाबायाशि या जोडीने जिंकला. सेकिमोतो-ओकाबायाशिंनी त्याला बऱ्याच वर्षांनी वजन दिलं, हे मान्य करावं लागेल.

2016 मध्ये तो आणखी वेगळ्या हाती गेला. मासानोबु फुचि तेव्हा 62 वर्षांचा, त्याचा जोडीदार अत्सुशि ओनिता 59 चा. ओनिता बाबाचा अगदी सुरुवातीचा शिष्य, पुढे काटेरी तारा आणि स्फोटकांच्या लढतींची स्वतःची संस्था काढून गाजलेला, 2001 मध्ये जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेलेला. सत्तरच्या दशकात हे दोघे आणि हारु सोनोदा असे तीन पोरगे बाबाच्या आखाड्यात एकत्र घाम गाळत. सोनोदा 1987 मध्ये विमान अपघातात गेला. चाळीस वर्षांनी उरलेल्या दोघांनी पट्टा घेतला तेव्हा टाळ्या जोरात पडल्या. मला तो निर्णय पटत नाही. हा पट्टा वर चढणाऱ्यांसाठी बाबाने राखला होता आणि त्या वर्षी संस्थेतल्या कुठल्यातरी पंचविशीतल्या जोडीची पायरी त्यापायी अडली असणार. विजेत्यांची यादी आता शंभरच्या पुढे गेली आहे. तिच्यात पहिल्या ओळीवर अजूनही किंग काँग आणि टायगर जोगिंदर अशी नावं छापतात, आणि जपानी वाचकांपैकी फारच थोड्यांना ते दोघे कोण हे ठाऊक असतं.